मोती, मोहरा आणि खुर्दा

एका उजाड माळावरून एक घोडा येतो आहे. चालतो आहे म्हणणंही जास्त होईल, पाय ओढतो आहे बिचारा. त्याच्यावरचा माणूस खोगिरावर जेमतेम टिकून आहे. मागे दूरवर डोंगरांची रांग. लांबवर किल्ल्याचा तट दिसतो आणि तिथून काही स्वार या माणसाला गाठायला निघाले आहेत. बाकी सगळा माळ मोकळा.

हे चित्र मी पाहिलं ते छापील प्रतीच्या रूपात. आमच्या ओळखीचे एक निवृत्त लष्करी अधिकारी आहेत, त्यांच्या दिवाणखान्यात ते काचेच्या चौकटीत टांगलेलं आहे. खाली इंग्रजीत नाव, 'द रेम्नंट्स ऑफ ॲन आर्मी', म्हणजे 'एका सैन्याचे अवशेष'. पुढे स्थळ जलालाबाद आणि तारीख १३ जानेवारी १८४२. मूळ तैलचित्र साडेसात फुटांहून रुंद आहे, ते १८७९ साली एलिझाबेथ थॉम्प्सन या चित्रकर्तीनं काढलं. लग्नानंतर ती लेडी बटलर म्हणून ओळखली जाऊ लागली. चित्र लंडनच्या टेट संग्रहाच्या मालकीचं आहे.

मी शाळेत इतिहास शिकवत असताना चित्र दाखवायचं झालं की मुलांना आधी विचारत असे, चित्रात काय काय दिसतंय ते सांगा. मुलं भराभर सांगत. मग दुसरा प्रश्न, आता काय दिसत नाही ते सांगा. इथे वर्ग थोडा वेळ गप्प व्हायचा. मग एखादी चिमुरडी हळूच हात वर करायची. या चित्रालाही मला तोच दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो. नाव 'सैन्याचे अवशेष' आणि माणूस एकच. मग सैन्य कुठे गेलं? आणि ते सैन्य होतं कोणाचं?

थोडा मागचा इतिहास सांगायला हवा. रशिया मध्य आशियातून हिंदुस्थानाकडे सरकेल अशी धास्ती इंग्रजांच्या मनात बसली होती. काबूलचा अमीर दोस्त महंमद आपल्या बाजूचा नाही असं ठरवून गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंडनं त्याच्या जागी शाह शुजा या पदच्युत राजाला बसवायचा घाट घातला. १८३८ च्या अखेरीस फौज निघाली. एक तुकडी बंगालच्या लष्कराची, ती फिरोजपूरहून. दुसरी मुंबईच्या लष्कराची, ती समुद्रमार्गे सिंधमध्ये उतरून वर चढली. मुंबईच्या तुकडीत 'पूना ऑक्झिलरी हॉर्स' हे घोडदळही होतं. १८१७ साली दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या पुण्याच्या तहानुसार उभं राहिलेलं हे पथक. म्हणजे पेशवाईच्या शेवटच्या तहातून निघालेले घोडे बावीस वर्षांनी गझनीच्या वेशीपर्यंत पोचले.

गझनी पडली, काबूलही हाती आलं. मुंबईची तुकडी १८३९ अखेरीस परत फिरली म्हणून पुढच्या अनर्थातून वाचली. बंगालची फौज मात्र तिथेच राहिली. यातले बहुतेक शिपाई अवध आणि बिहारकडचे. त्यांच्यातल्या हिंदूंना सिंधू ओलांडणं म्हणजे जात गमावणं वाटे. आपण मराठी माणसं 'अटकेपार' हा शब्द १७५८ पासून छाती फुगवून उच्चारतो. त्याच अटकेपार जायचं म्हटलं की या शिपायांच्या पोटात गोळा येत असे. तरी ते गेले. नोकरी होती, घरी पगाराची वाट बघणारी माणसं होती.

२ नोव्हेंबर १८४१ ला काबूलमध्ये उठाव झाला. अलेक्झांडर बर्न्स मारला गेला. २३ डिसेंबरला वाटाघाटींना गेलेला इंग्रजांचा वकील मॅकनॉटन दोस्त महंमदाचा मुलगा अकबरखान याच्याकडून मारला गेला. सेनापती एल्फिन्स्टन म्हातारा आणि आजारी, निर्णय घ्यायची ताकद संपलेला. शेवटी सुखरूप वाट देण्याच्या कबुलीवर ६ जानेवारी १८४२ ला, ऐन हिमवर्षावात, फौजेनं काबूल सोडलं. जलालाबाद साधारण दीडशे किलोमीटर दूर.

आता आकडे बघा. निघाले सुमारे साडेचार हजार सैनिक. त्यात गोरे साधारण सातशे, बाकी अडतीसशे देशी. आणि त्यांच्या मागे सुमारे बारा हजार बाजारबुणगे. हा शब्द आपल्याला पानिपतामुळे चांगला ठाऊक आहे. स्वयंपाकी, पखाली, मोतद्दार, उंटवाले, डोलीवाले, दुकानदार आणि त्यांची बायकापोरं. एकूण साडेसोळा हजार माणसं. त्यातली पंधरा हजारांहून अधिक आपल्याकडची. म्हणजे ज्याला इतिहासात 'ब्रिटिश सैन्याची माघार' म्हणतात, तिच्यात वीस माणसांमागे एखादाच ब्रिटिश होता.

पहिल्या रात्रीपासून थंडीनं माणसं मरू लागली. तंबू नाहीत, सरपण नाही, अन्न नाही. अफगाण लोक थंडीत पायांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळतात, तसं घोड्यांच्या जुन्या कांबळ्या फाडून शिपायांना द्याव्यात असं एल्ड्रेड पॉटिंजर या अधिकाऱ्यानं निघण्यापूर्वी सुचवलं होतं. ते कुणी मनावर घेतलं नाही. गंगेकाठच्या त्या माणसांनी असा बर्फ जन्मात पाहिला नव्हता. हातपाय बधिर होऊन काळे पडले, बोटं बंदुकीच्या घोड्यावर वळेनात. ८ जानेवारीला खुर्द काबूलच्या खिंडीत दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून गोळ्यांचा वर्षाव झाला आणि त्या एका दिवसात सुमारे तीन हजार माणसं पडली. (खुर्द म्हणजे धाकटं. आपल्याकडे गावांच्या नावांत खुर्द आणि बुद्रुक असतं, त्यातलंच हे.) ९ तारखेला गोऱ्या बायका, मुलं आणि काही अधिकारी अकबरखानाच्या ताब्यात देण्यात आले. त्यामुळे ते जगले. बुणग्यांच्या बायकामुलांसाठी असा कुठलाच ताबा नव्हता. १० तारखेनंतर देशी पलटणी म्हणून काही शिल्लकच राहिलं नाही. १३ तारखेला सकाळी गंदमकच्या टेकडीवर उरलेले काही गोरे अधिकारी आणि ४४ व्या पलटणीचे चाळीस-पंचेचाळीस सोजीर शेवटचे लढले. आणि त्याच दिवशी दुपारी डॉक्टर विल्यम ब्रायडन जलालाबादच्या तटापाशी पोचला. तोच हा चित्रातला माणूस.

ब्रायडन हा कंपनीच्या बंगाल लष्करातला डॉक्टर, शाह शुजाच्या फौजेबरोबर असलेला. त्याच्या सुटकेची एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. थंडीसाठी त्यानं टोपीत 'ब्लॅकवुड्स मॅगझिन' या मासिकाची पानं कोंबली होती. डोक्यावर तलवारीचा वार बसला तो त्या कागदांवर निभावला. ही गोष्ट इंग्रजी पुस्तकांत हमखास सापडते, आणि वाचताना गंमतही वाटते.

पण दुसरी गोष्ट त्या मानानं कमी सांगितली जाते. त्या वारानं ब्रायडन घोड्यावरून खाली आला होता. त्याचा घोडा गेला होता. त्या बर्फात पायी माणूस म्हणजे मेलेला माणूस. तेवढ्यात प्राणांतिक जखमी झालेल्या एका देशी स्वारानं त्याला आपलं तट्टू दिलं. मी काही आता वाचत नाही, तुम्ही घ्या, अशा अर्थाचं तो बोलला आणि तिथेच गेला. पुढची सगळी वाट ब्रायडननं त्याच तट्टावरून काढली. त्या जनावरालाही गोळी लागली होती, तरी त्यानं धन्याच्या शब्दाखातर म्हणावं तसं या परक्या माणसाला तटापर्यंत आणून पोचवलं.

म्हणजे चित्राच्या मधोमध जो घोडा आहे, तो मुळात एका हिंदुस्थानी शिपायाचा. त्या शिपायाचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. मासिकाचं नाव मात्र आलं.

या चित्रामुळे आणि तशा लिखाणामुळे 'सोळा हजारांतून एकच वाचला' हे वाक्य रूढ झालं. ऐकायला ते जबरदस्त आहे, परीक्षेतल्या एका वाक्यात उत्तर द्या या सदरात अगदी फिट्ट बसणारं. पण ते खरं नाही. अकबरखानाच्या ताब्यातली गोरी मंडळी सप्टेंबर १८४२ मध्ये सुटून आली. त्यात लेडी सेल ही बाई होती, तिची रोजनिशी पुढे गाजली. गंदमकला पकडलेले काही जणही जगले. आणि सर्वांत मोठी संख्या आपल्या लोकांची. जनरल पोलॉकची फौज १८४२ च्या सप्टेंबरात सूड घ्यायला काबूलला पोचली तेव्हा तिथे सुमारे दोन हजार हिंदुस्थानी शिपाई आणि बुणगे जिवंत सापडले. कुणाचे पाय हिमदंशानं झडलेले, कुणी रस्त्यावर भीक मागत बसलेले, कुणी गुलाम म्हणून विकले गेलेले. दोन हजार माणसं जिवंत असताना 'एकच वाचला' हे वाक्य टिकून राहतं, याचा अर्थ मोजताना आपण कोणाला माणूस धरतो हे आधी ठरलेलं असतं.

या वाचलेल्यांचं पुढे काय झालं याची एक झलक सीताराम पांडे या सुभेदाराच्या नावावर असलेल्या आत्मकथनात आहे. इंग्रजी भाषांतर १८७३ साली प्रसिद्ध झालं. ते पुस्तक अस्सल किती याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण त्यातला निवेदक सांगतो की काबूलमध्ये तो गुलाम म्हणून विकला गेला, पुढे कसाबसा निसटून परत आला, तर इकडे जातीतून बाहेर. परक्याच्या घरी राहिला, त्यांच्या हातचं खाल्लं, म्हणून बाटला. ज्या सरकारासाठी गेला त्याला त्याची आठवण नाही आणि ज्यांच्यासाठी पगार आणायला गेला ते पंक्तीला घेत नाहीत. हे अगदी त्या पुस्तकातल्यासारखं घडलं नसेल, पण असं घडलं असेल यावर विश्वास ठेवायला आपल्या समाजाची ओळख पुरेशी आहे.

काबूलच्या त्या माघारीत बंगालची ५४ वी देशी पलटण होती. पंधरा वर्षांनी, ११ मे १८५७ ला, याच क्रमांकाची पलटण दिल्लीत काश्मिरी दरवाजापाशी होती. मेरठचे बंडवाले स्वार अंगावर आले तेव्हा तिच्या शिपायांनी आपल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना वाचवायला गोळी झाडली नाही. पहिल्याचं दुसरं हे सरळ कारण असं मी म्हणणार नाही, इतिहास इतका सोपा नसतो. पण कंपनी सरकार हरू शकतं, आणि हरताना आपल्याला बर्फात टाकून देतं, हे बंगालच्या पलटणींनी १८४२ मध्येच पाहिलं होतं. आणि योगायोग बघा, डॉक्टर ब्रायडन १८५७ साली लखनौच्या रेसिडेन्सीच्या वेढ्यात सापडला, जखमी झाला आणि तिथूनही वाचला. १८७३ मध्ये तो वारला, अंथरुणावर.

आता चित्रकर्तीबद्दल. लेडी बटलरवर राग धरावा असं मला वाटत नाही. लढाईतली मर्दुमकी दाखवणारी चित्रं काढणारे पुष्कळ होते. हिचं लक्ष लढाईनंतरच्या क्षणाकडे असे. तिचं १८७४ चं 'रोल कॉल' हे चित्र क्रिमियातल्या बर्फात हजेरीला उभ्या राहिलेल्या थकल्याभागल्या सोजिरांचं आहे. ते बघायला इतकी झुंबड उडाली की चित्रापाशी पोलीस उभा करावा लागला, आणि शेवटी ते व्हिक्टोरिया राणीकडे गेलं. जलालाबादचं चित्र तिनं घटनेनंतर ३७ वर्षांनी काढलं, तेही नेमकं दुसरं अफगाण युद्ध चालू असताना. १८७९ च्या मे महिन्यात इंग्रजांनी अफगाणांशी तह केला तो गंदमकलाच. सप्टेंबरात त्यांचा वकील कावान्यारी काबूलमध्ये मारला गेला. त्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात लोकांसमोर हा मरतुकडा घोडा उभा करणं म्हणजे 'बाबांनो, पुन्हा तिकडेच निघालात का?' असं विचारणंच होतं. तेवढं धैर्य तिच्याकडे होतं. पण प्रश्न विचारतानाही तिला माळावर एकच माणूस दिसला. दोष तिच्या एकटीचा नाही, तिच्या काळाची नजरच तेवढी होती.

त्या नजरेचा आणखी एक नमुना आपल्या मुंबई लष्कराच्या संदर्भातला आहे. २७ जुलै १८८० ला कंदाहारजवळ मैवंद इथे इंग्रजांचा मोठा पराभव झाला. तिथे ६६ वी गोरी पलटण होती आणि तिच्याबरोबर मुंबईच्या देशी पलटणी होत्या, पहिली ग्रेनेडियर्स आणि ३० वी जेकब्स रायफल्स. साडेनऊशेहून अधिक माणसं मारली गेली. त्यात ६६ व्या पलटणीचे तीनशेहून कमी. बाकी बहुतेक देशी. या लढाईचंही चित्र निघालं, फ्रँक फेलर या चित्रकाराचं 'मैवंदचे शेवटचे अकरा'. त्यात ६६ व्या पलटणीचे उरलेले वीर आहेत आणि त्यांच्याबरोबर पलटणीचा कुत्रा बॉबी. हा बॉबी वाचला, इंग्लंडला गेला, आणि १८८१ मध्ये खुद्द राणीनं त्याच्या गळ्यात पदक बांधलं. मला कुत्र्यांबद्दल प्रेम आहे, बॉबीचं कौतुक व्हायलाच हवं होतं. पण मुंबईच्या पलटणीतला एक तरी शिपाई आपल्याला त्या बॉबीसारखा नावानिशी ठाऊक आहे का?

पहिल्या अफगाण युद्धाची खूण मुंबईत आजही उभी आहे. कुलाब्याचं अफगाण चर्च. कित्येकांनी बसच्या पाटीवर हे नाव वाचलं असेल आणि मुंबईत अफगाण कुठून आले असं मनात म्हटलं असेल. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्यांचं हे स्मारक, १८५८ मध्ये त्याचं विधिवत उद्घाटन झालं. आत भिंतीवर संगमरवरात अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. आणि खाली साध्या सैनिकांबद्दल लिहिलं आहे त्याचा मथितार्थ असा, की त्यांची संख्या इतकी आहे की नावं लिहिता येणं शक्य नाही. संख्या जास्त, म्हणून नाव नाही! जे कमी मेले त्यांची आठवण सविस्तर, आणि जे जास्त मेले त्यांची एका ओळीत.

हे वाचून इंग्रजांना नावं ठेवायला आपण मोकळे होतो, पण थांबा. पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती लागलेल्या त्या सांकेतिक निरोपाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यातही मोती किती गळाले ते सांगितलं होतं, मोहरा किती हरवल्या तेही सांगितलं होतं. रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची मात्र गणती नव्हती. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. खुर्दा म्हणजे गावोगावचे पायदळातले पोर, पखाली, बुणगे, त्यांच्या बायका. कुलाब्याच्या संगमरवरावर जे इंग्रजीत आहे तेच आपल्याकडे मोडीत लिहिलं गेलं होतं. मोजदाद करणारा कोणीही असो, मोत्यांवर आणि मोहरांवर त्याची बोटं थांबतात. खुर्दा तो ओंजळीनं बाजूला सारतो. खुर्दा हा शब्दही त्या खुर्द काबूलच्या कुळातलाच, किरकोळ, बारीकसारीक अशा अर्थाचा.

आपण बहुतेक सगळे त्या खुर्द्याचेच वंशज आहोत. मोत्यांची घराणी थोडी. म्हणून इतिहास वाचताना आपलं माणूस कुठे उभं होतं हे शोधायची सवय लावून घ्यायला हवी. ते सिंहासनाजवळ सापडणार नाही. ते तोफ ओढणाऱ्या बैलांजवळ, पखालीजवळ, घोड्याचा लगाम धरून उभं असेल. बहुधा त्याला नाव नसेल. नाव नसलं तरी ते तिथे होतं, एवढं मनाशी म्हणायला काही हरकत नाही.

असो. हे चित्र पुढेमागे तुमच्या पाहण्यात आलं, एखाद्या पुस्तकात किंवा कुणाच्या भिंतीवर, तर स्वाराकडे नंतर बघा. आधी घोड्याकडे बघा. तो ज्याचा होता तो माणूस मागे कुठेतरी वाटेवर पडला आहे. तो डोंगर ओलांडून आलाच नाही, पण त्याचा घोडा आला.